कासवाचा दोर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कांद्याचा एक टेम्पो कारभारीतात्यांच्या दारात येऊन थांबला, तेव्हा गाव निम्मं रिकामं होतं. जामखेडच्या या बाजूला दसरा झाला की माणसं ऊसतोडीला निघून जातात. मागे म्हातारी, शाळेतली पोरं आणि कुत्री उरतात. त्यामुळे टेम्पोचा आवाज ऐकून जी माणसं बघायला आली ती सगळी साठीच्या पुढची होती.

टेम्पोतून राजेश्वरी उतरली. ती तात्यांची पुतणी, वय एकतीस. ती मूर्ती घडवते, पण मातीच्या किंवा दगडाच्या नाही, फेकून दिलेल्या वस्तूंच्या. चार वर्षांपासून ती दापोलीच्या पलीकडे समुद्रकाठच्या एका गावात राहत होती. मुंबईच्या एका संस्थेने तिला तिथे जागा आणि काम दिलं होतं. किनाऱ्यावर वाहून आलेलं प्लास्टिक गोळा करायचं, त्यातून शिल्पं करायची आणि ती लोकांना दाखवायची, असं ते काम होतं.

टेम्पोवाला कांदा घेऊन चिपळूणला गेला होता. परत येताना रिकामाच येणार होता, म्हणून राजेश्वरीने त्यात सव्वीस पोती भरून आणली होती. पहिलं पोतं खाली पडलं तशी दारात उभ्या असलेल्या तात्यांच्या बायकोने, भागूबाईने, पदर नाकाला लावला.

"काय आनलंस ग ह्ये?" तिने विचारलं.

"जाळी, काकी. मासेमारीची फाटकी जाळी आणि दोर. समुद्रातनं आलेली."

"म्हंजी मासळीचा वास हाय ह्यो." भागूबाई दोन पावलं मागे सरली. तिच्या गळ्यात तीस वर्षांची तुळशीची माळ होती. "माझ्या दारात नगं. घरात देव हाय."

राजेश्वरी हसली नाही. तिला काकीचं म्हणणं पटतच होतं. तिने टेम्पोवाल्याला सांगून सगळी पोती गावाबाहेरच्या माळावर, तात्यांच्या जुन्या गोठ्याजवळ उतरवली. मग हातपाय धुऊन, कपडे बदलून ती घरात आली आणि काकीच्या पाया पडली.

ह्या घराशी तिचं नातं पुतणीपेक्षा जास्तच होतं. तिचे आई-वडील दरवर्षी प्रवरेकडच्या कारखान्याला उसाला जायचे. दसऱ्यानंतर गेले की पाडव्याच्या सुमाराला परत. पोरं बरोबर नेली की शाळा सुटते, म्हणून तात्या आणि काकींनी राजेश्वरीला ठेवून घेतलं. पहिलीपासून दहावीपर्यंत दर वर्षाचे पाच-सहा महिने ती ह्या घरात वाढली. कुणी कधी त्याचं बोलून दाखवलं नाही. पुढे ती नगरला चित्रकलेच्या कॉलेजात गेली, तिथून मुंबईला, आणि आता समुद्रावर. आई-वडील थकले तसे भावाकडे चाकणला राहायला गेले. तरी गावी यायचं म्हटलं की ती इथेच यायची.

जेवण झाल्यावर तिने तात्यांना मोबाईलवर फोटो दाखवले. एका मोठ्या शेडमध्ये बारा फूट लांबीचं कासव होतं. त्याची पाठ चपलांच्या तळव्यांची होती. निळे, गुलाबी, काळे, झिजलेले, असे दोन हजारांवर तळवे खवल्यांसारखे एकावर एक बसवलेले. सांगाडा मोडक्या होडीच्या फळ्यांचा. पाय जाळ्यांचे.

तात्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. "चांगलं झालंय," ते म्हणाले. "मग आता काय राह्यलं?"

"ते टांगायचंय. पोहत असल्यासारखं वर हवेत. आणि नवीन काहीच वापरायचं नाही असं मी ठरवलंय. खिळासुद्धा जुना. टांगायचे दोरही त्याच कचऱ्यातले पाहिजेत." ती थांबली. "दोनदा टांगलं. दुसऱ्या वेळी दोर तुटून खाली आलं. डोकं फुटलं, एक पाय मोडला, ते पुन्हा केलं. मला तुकडे नुसते एकमेकांना बांधता येतात, तात्या. वळता येत नाहीत. तुम्हाला येतात."

तात्यांनी मोबाईल तिच्याकडे परत दिला.

हे खरं होतं की आजूबाजूच्या दहा गावांत कारभारीतात्यांसारखा दोर कुणी वळत नव्हतं. शेताच्या कडेला ते दरवर्षी अंबाडी लावायचे. ती कापून, पाण्यात कुजवून, धुऊन तिचा वाख काढायचे, म्हणजे पांढरे, लांब, रेशमासारखे धागे. उन्हाळ्यात लिंबाखाली बसून त्या धाग्यांचे कासरे आणि दावी व्हायची. एका टोकाला तात्या वाख सोडत मागे मागे सरकायचे. दुसऱ्या टोकाला कुणीतरी लाकडी फिरकी फिरवत पीळ द्यायचं. ते कुणीतरी म्हणजे बऱ्याचदा राजेश्वरीच. सुट्टीच्या दुपारी ती तासन् तास फिरकी धरून बसायची. आखूड तुटके धागे एकात एक मिसळून त्यांचा सलग, न संपणारा दोर होताना तिने तिथे पाहिला होता. आपण हाताने काही करून जगावं, हे तिच्या मनात तिथेच आलं असावं, असं तिला पुढे वाटायचं.

पण गेली दहा वर्षं तात्यांनी फिरकीला हात लावला नव्हता.

"मला न्हाई जमायचं," ते शेवटी म्हणाले. "नायलॉनला मी शिवत न्हाई."

"का?"

"न्हाई म्हनलं ना." ते उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून राजेश्वरी एकटीच माळावर कामाला लागली. पोती उघडायची, जाळी सोडवायची, त्यातली वाळू आणि शिंपले झटकायचे, मग जुन्या हौदात बुडवून धुवायची. विहिरीचं पाणी होतं, पण तात्यांनी एवढं मात्र बजावलं होतं की खारं पाणी रानात जाता कामा नये, खडकाळीतच सोडायचं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गोजरबाईला घेऊन भागूबाई लांबून बघायला आली. थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "असं धुत्यात व्हय? नुसतं बुचकळतीयास. राख लाव. रिठं कुठं हायेत बघते मी."

"काकी, वास येईल."

"आंघूळ करीन मग. तुला धुवाया येत न्हाई आन वास गावभर फिरतोय, त्याचं काय?"

असं करत त्या दोघी रोज येऊ लागल्या. पोत्यांतून काय काय निघायचं. बाटल्यांची बुचं, औषधाच्या बाटल्या, दात घासायचे ब्रश, खेळण्यातल्या गाडीची चाकं. एकदा गोजरबाईने एक लाल जाळीदार तुकडा ओढून काढला आणि उन्हात धरला.

"भागूबाई, ही तर कांद्याची गोणी हाय."

दोघींनी तो तुकडा उलटासुलटा करून पाहिला. खरंच कांद्याची गोणी होती. तिच्या मागोमाग ठिबकच्या काळ्या नळीचा हातभर तुकडा निघाला, त्यावर शंखासारखे बारीक किडे चिकटून वाळलेले.

"आपल्या हितनं गेलं असंल का ग ह्ये?" भागूबाईने विचारलं.

"नाही काकी. आपली विंचरणा सीनेला मिळते, सीना भीमेला. ते पाणी तिकडं पूर्वेच्या समुद्राला जातं. हे कोकणातलंच असणार, नाहीतर बोटीवरनं पडलेलं."

"म्हंजी आपल्या गोन्या तिकडं दुसऱ्या समुद्रात असत्याल."

"असतील."

 त्या दिवशी घरी जाताना भागूबाई ओढ्याच्या काठाने गेली आणि बाभळीला अडकलेल्या तीन-चार पिशव्या काढून घेऊन आली. गोजरबाईनेही मग ते सुरू केलं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

तात्या रोज संध्याकाळी माळाकडे एक फेरी मारायचे, पण गोठ्याच्या अलीकडेच थांबायचे. आठवड्याने एकदा ते आले तेव्हा राजेश्वरी एकटी होती. ती मोबाईलवर काहीतरी बघत बसली होती.

"काय बघतीयास?"

तिने फोन पुढे केला. फोटोत ओल्या वाळूवर एक खरं कासव होतं. हिरव्या नायलॉनचा दोर त्याच्या मानेला आणि पुढच्या पायाला आवळून बसला होता. कातडी कापून आत मांस दिसत होतं.

तात्यांचा चेहरा बदलला. ते तिथेच जमिनीवर बसले.

"मेलं?"

"नाही. धाकूकाका म्हणून एक मच्छीमार आहेत आमच्या गावात. त्यांनी सुरीने कापला दोर. अर्धा तास लागला. मी त्याचं डोकं धरून बसले होते. मग भरतीचं पाणी आलं तसं ते स्वतःच सरकत सरकत गेलं." तिने पुढचा फोटो दाखवला. पाण्यात नुसती पाठ दिसत होती. "पुढं जगलं की नाही माहीत नाही. पण गेलं."

 मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, ती तिच्याकडे न बघताच.

"आपला पाखऱ्या बैल गेला तवा तू नगरला हुतीस. काय सांगितलं हुतं तुला?"

"शेततळ्यात पडून गेला, असं."

"पडला. पन पडून न्हाई मेला." तात्यांनी हाताने माळाची माती सारखी केली. "त्या वर्सी अंबाडी लावली न्हवती. बाजारातनं नायलॉनचं दावं आनलं. निळं. स्वस्त, टिकाऊ, सगळ्यांनीच आनलं हुतं. तळ्याच्या काठाला बाभूळ हाय ना, तिला बांधला त्याला. काठावरचं गवत खाता खाता पाय तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर गेला आन घसरला. दावं मानंला. अंबाडीचं असतं तर त्याच्या वजनानं तुटलं असतं, तो पान्यात पडला असता, पोहला असता. ह्ये तुटंना. मी हुतो तिथंच. सुटगाठ मारलेली, माझीच. ती ओढली तर आवळून दगड झालेली. बोटानं सोडाया गेलो, दातानं सोडाया गेलो. हातात विळा न्हवता. घरी पळत येऊन विळा घेऊन गेलो तवर..." ते थांबले. "सगळ्या मुलखाचं दोर वळनारा मानूस मी, राजी. एक गाठ सुटली न्हाई मला."

 राजेश्वरी उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. सूर्य बालाघाटाच्या मागे जाईपर्यंत दोघं तसेच बसले.

निघताना तात्यांनी विचारलं, "त्यो मानूस, दोर कापनारा. काय नाव म्हनलीस?"

"धाकूकाका."

"सुरी हुती व्हय त्याच्याकडं." एवढंच म्हणून ते चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माळावर पोचली, तर तात्या आधीच तिथे होते. धुतलेल्या दोरांचा ढीग त्यांनी तीन भागांत लावला होता आणि एक तुकडा दोन्ही तळव्यांत घेऊन मांडीवर वळून बघत होते. शेजारी लाकडी फिरकी ठेवलेली होती, तेल लावलेली.

पहिले चार दिवस फुकट गेले. नायलॉन पीळ धरत नव्हतं. वळलं की सुटायचं, सापासारखं उलगडायचं. तात्यांचे तळवे सोलवटून निघाले. भागूबाईने हळद लावून फडकी बांधली, आणि एकदाही बस करा म्हणाली नाही. पाचव्या दिवशी तात्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जे दोर नव्यासारखे चकचकीत होते तेच सुटत होते. जे फार दिवस समुद्रात राहिले होते, उन्हाने पांढुरके पडून, वाळूने घासून ज्यांच्या अंगावर लव आली होती, ते एकमेकांत धरत होते.

"ह्ये बघ," त्यांनी तुकडा तिच्या हातात दिला. "नवं असताना कुनाचं ऐकत न्हाई. झिजलं की वाखासारखं हुतं."

मग काम सुरू झालं. सर्वांत जुने तुकडे बाहेर, चकचकीत आत, असे पेड तयार करायचे. एक तुकडा संपायच्या आत दुसरा त्यात मिसळायचा. तीन पेड झाले की तिन्ही एकत्र वळायचे. तात्या मागे मागे सरकत आणि राजेश्वरी दुसऱ्या टोकाला फिरकी फिरवत. पंधरा वर्षांनी ती पुन्हा त्या जागी बसली होती. फरक एवढाच की आता मध्येच तात्या विचारायचे, "दमलीस का?" लहानपणी असं कधी विचारत नव्हते.

जानेवारी संपेपर्यंत मनगटाएवढे जाड, तीस-तीस फुटांचे चार दोर तयार झाले. हिरवा, निळा, नारिंगी, पांढरा असे सगळे रंग त्यांत मिसळले होते, तरी लांबून ते मातीच्या रंगाचे दिसायचे. तात्यांनी एक दोर लिंबाच्या फांदीला टाकून त्याला शेतातला दगडी रूळ बांधला. रूळ दोन दिवस लोंबकळत राहिला. गावातली जी काय माणसं होती ती येऊन बघून गेली. सरपंचांचे वडील वैजनाथराव दोर हाताने चाचपत म्हणाले, "कारभारी, पुना धरलं म्हनायचं काम."

"पुतनीचं काम हाय," तात्या म्हणाले.

प्रदर्शन नगरला होणार होतं. संस्थेच्या लोकांनी राजेश्वरीला आधीच विचारलं होतं की मुंबई-पुणे सोडून, जिथे समुद्रच नाही अशा ठिकाणी हे कशाला? ती म्हणाली होती, "ज्यांनी समुद्र पाहिलाय त्यांना कासव पुष्कळदा दाखवलं. आता माझ्या माणसांना दाखवायचंय." ते तयार झाले. नगरमधलं एक जुनं, उंच छताचं गोदाम रंगवून तिथे जागा केली. कासव कोकणातून ट्रकने आलं. दोर घेऊन तात्या आणि काकी एसटीने आले.

गोदामाची व्यवस्था बघणारे भागवत नावाचे गृहस्थ होते. भला माणूस, पण धास्तावलेला. दोर पाहून ते म्हणाले, "ताई, दिसायला सुंदर आहे. पण खाली शाळेची मुलं उभी राहणार. कचऱ्याच्या दोरावर एवढं वजन मी टांगू देणार नाही. लोखंडी तार लावा."

राजेश्वरीचा चेहरा पडला. दोन महिन्यांचं सगळं काम त्या एका वाक्यात वाया जात होतं. ती वाद घालणार एवढ्यात तात्या पुढे झाले.

"साहेब, बराबर बोलताय तुमी," ते म्हणाले. "पोरं खाली उभी राहनार हायेत. तार लावाच. पन ढिली ठेवा, नुसती राखनीला. आन आधी दोराला दुप्पट वजन लावून बघा. टिकला तर भार दोरावर, न्हाई टिकला तर मी दोर घेऊन घरी जातो. राग न्हाई."

भागवतांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. कासवाच्या वजनाच्या अडीचपट वाळूची पोती त्या चार दोरांना बांधून एक दिवस आणि एक रात्र टांगून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भागवतांनी स्वतः शिडीवर चढून प्रत्येक पेड तपासला. खाली उतरल्यावर त्यांनी तात्यांना नमस्कार केला आणि चहा मागवला.

दुपारपर्यंत कासव हवेत गेलं. चारही पायांना चार दोर, वर तुळईला बांधलेले, आणि त्यांच्या आड एक बारीक तार, ढिली सोडलेली. खिडकीतून ऊन आलं की चपलांचे तळवे चमकायचे. भागूबाई मान वर करून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "एवढ्या चपला. येकाचीबी जोडी न्हाई."

राजेश्वरीला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी पुष्कळ लोक आले. कॉलेजातले तिचे मास्तर, शाळेची मुलं, एमआयडीसीतले काही कामगार, रिक्षावाले. तिला बोलायला सांगितलं तेव्हा तिने समुद्राबद्दल थोडंच सांगितलं. मग ती म्हणाली, "माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. त्या प्रत्येक हंगामात माझ्या तात्या-काकींनी मला जेवू घातलं, शाळेत पाठवलं. आजपर्यंत मी त्यांना त्याबद्दल काही म्हटलेलं नाही, कारण आपल्या घरात असं बोलायची पद्धत नाही. आज लोकांसमोर म्हणते. हे कासव माझं नाव लावून उभं आहे, पण ते लोंबकळतंय तात्यांच्या दोरावर. आणि मीसुद्धा."

तात्या मागच्या रांगेत होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. भागूबाईने डोळ्याला पदर लावला आणि शेजारच्या बाईला सांगितलं, "लहानपनी लई खट्याळ हुती. भाकरी लपवून कुत्र्याला घालायची."

गर्दी जरा कमी झाल्यावर एक सावळा, काटक माणूस आत आला. खांद्याला पिशवी, पायांत रबरी चपला. तो कासवाकडे न जाता थेट दोराकडे गेला. खाली सोडलेलं एक टोक त्याने दोन्ही हातांनी धरून ओढलं, नखाने पेड उचकून पाहिला, नाकाशी नेला.

"कोनी वळला ह्यो?" त्याने विचारलं.

राजेश्वरी धावत आली. "धाकूकाका, तुम्ही कधी आलात?"

"काल निघालो. तीन गाड्या बदलल्या." त्याने दोर सोडला नव्हता. "आमच्याकडं असो पीळ घालनारो आता कोन नाय. सगळं आयतं. कोनी वळला?"

तिने त्याला तात्यांकडे नेलं. दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. दोघांचेही तळवे सारखेच फाटलेले होते. तात्यांनी बरेच दिवस मनात ठेवलेली गोष्ट एकदम बोलून टाकली.

"तुमी त्या कासवाला सोडवलं. लई उपकार झालं."

धाकू गोंधळला. "उपकार कसले? तुमचं काय होतं त्यात?"

"माझं हुतं," तात्या म्हणाले. आणि त्या गोदामाच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर बसून त्यांनी एका परक्या माणसाला पाखऱ्याची सगळी हकीकत सांगितली.

धाकूने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग तो म्हणाला, "मीपण सांगतो एक. ताईंनी मला लय मोठो केलाय. पन त्या कासवाच्या आधी माझ्याच जाळ्यात तीन मेली. पयल्या येळी मी जाळं वाचवलं, कासव नाय. जाळं महाग होतं. तिसरं मेलं तेव्हापासून सुरी कमरेला बांधली. त्याआधी माझ्याकडंपन नव्हती."

तात्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. 

धाकू लॉजवर राहणार होता, पण भागूबाईने ऐकलं नाही. त्याच दिवशी सगळे एसटीने गावी आले. भागूबाईने ज्वारीच्या भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा केला. वाढताना ती जरा अवघडली होती. "तुमाला मासळी लागत असंल. हितं न्हाई मिळायची."

"घरी रोजच असते, वहिनी," धाकू म्हणाला. "ही भाकरी रोज नसते." आणि त्याने चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या त्याला शेततळ्यावर घेऊन गेले. पाखऱ्या गेल्यापासून त्या बाभळीखाली ते उभे राहिले नव्हते. पाणी द्यायचं असलं तरी दुसऱ्या बाजूने जायचे. राजेश्वरीही मागून गेली, पण बांधावरच थांबली. धाकू बाभळीच्या बुंध्याभोवती फिरला, तळ्याच्या उताराकडे पाहिलं, आणि विचारलं, "गाठ कशी मारलेली?"

तात्यांनी पिशवीतून एक नायलॉनचा तुकडा काढून गाठ मारून दाखवली. नेहमीची सुटगाठ, इथले सगळे शेतकरी मारतात ती.

धाकूने ती ओढून आवळली आणि मान हलवली. "ही जुन्या दोराची गाठ. अंबाडीचा दोर खरखरीत, तो पाहिजे तेवढाच आवळतो. नायलॉन घसरतं आनि आत आत जाऊन बसतं. मग देवालापन सुटत नाय. तुमचा दोष नाय तो. दोर बदलला आनि गाठ कोनी बदलून दिली नाय तुमाला." तो बाभळीपाशी उकिडवा बसला. "आमी चाळीस वर्षं नायलॉन वापरतो. त्याची गाठ वेगळी. बघा."

त्याने दोर बुंध्याभोवती नेला, दुमडून फासासारखं एक घर केलं, त्यातून दुसरं घर, त्यातून तिसरं ओवलं. मग दोराच्या लांब बाजूला सगळं अंग टाकून लोंबकळला. गाठ हलली नाही. "आता हे मोकळं टोक ओढा."

तात्यांनी टोक ओढलं. धाकू मागच्या मागे गवतात बसला आणि हसू लागला. गाठ पूर्ण सुटून दोर बुंध्यावरून गळून पडला होता.

तात्यांनी दोर उचलला. "पुना दावा," ते म्हणाले.

धाकूने पुन्हा दाखवली. मग तात्यांनी स्वतः मारली, चुकली. पुन्हा मारली. पाचव्या वेळी बरोबर आली. त्यांनी धाकूला लोंबकळायला लावलं, टोक ओढलं, गाठ सुटली. सत्तरीचा माणूस, पण बांधावरून राजेश्वरीला ते पोरासारखे दिसले. एकीकडे डोळे पुसत होते आणि एकीकडे पुढची गाठ मारत होते.

धाकू दोन दिवस राहून गेला. कासव नगरला महिनाभर होतं. नंतर ते कोकणात, मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये कायमचं टांगायला गेलं, तात्यांच्याच दोरांवर. भागवतांनी जाताना सांगितलं की सोळा शाळा येऊन गेल्या. भागूबाई आणि गोजरबाई अजूनही ओढ्याच्या काठाने जातात आणि परत येताना त्यांच्या हातात काही ना काही असतं. गावाने त्यांना एक खोली दिली आहे ते ठेवायला. ते पुढे कुठे न्यायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मार्चमध्ये ऊसतोडीची माणसं परतू लागली. बैल दमलेले, गाड्या मोडकळीला आलेल्या. त्या आठवड्यात तात्या रोज सकाळी घरोघर फिरले. ज्याच्या दारात नायलॉनचं दावं दिसेल तिथे थांबायचे, आणि कधी कुणाकडे काही न मागणारा हा माणूस म्हणायचा, "जरा येळ काढ. कोकनातल्या एका मानसानं येक गाठ दिलीया, ती तुला शिकवून जातो." लोक आधी हसायचे. कुणी म्हणायचं, तात्या, गाठ आमाला येती की. तात्या चिडायचे नाहीत. दावं सोडायचे, गाठ मारायचे, आणि त्या माणसालाच टोक ओढायला लावायचे.

राजेश्वरी फोनवर विचारायची, "किती घरं झाली, तात्या?"

"मोजली न्हाईत," ते म्हणायचे. "धाकूला सांग, समदी मानसं ही गाठ त्याच्याच नावानं बांधत्यात हितं."